बार्शी लाईट संपली ती कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या ८४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाचे काम सुरू झाल्यापासून जिल्ह्यात बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या जुन्या रेल्वेच्या आठवणींना ऊत आला आहे. समाजमाध्यमांवर जुनी छायाचित्रे फिरतात, ‘आपली खेळण्यातली गाडी’ म्हणून उमाळे येतात आणि शेवटी ‘एसटीने आणि सरकारने तिचा घास घेतला’ असा निकाल लागतो, वर ‘गाडी पुन्हा सुरू करा’ अशी मागणीही होते. माया समजण्यासारखी आहे, निकाल मात्र चुकीचा. ही गाडी खेळण्यातली नव्हती आणि तिला एकट्या एसटीने मारलेही नाही. नव्या मार्गाच्या निमित्ताने हा हिशेब नीट मांडणे गरजेचे वाटते, म्हणून हे पत्र.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला तो बार्शीला बगल देऊन. बार्शी म्हणजे बालाघाटावरून, निजामाच्या मुलखातून उतरणाऱ्या कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. तिचे स्टेशन मात्र ३५ किलोमीटर लांब. त्याचे नावच मुळी ‘बार्शी रोड’, म्हणजे आजची कुर्डुवाडी. मधली वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात बैलगाडीची चाके तुंब्यापर्यंत रुतायची. मोठ्या रुंदीचा फाटा टाकावा तर मालाच्या मानाने खर्च परवडत नव्हता. जीआयपीच्या नोकरीत इकडचा मुलूख पाहिलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने हा तिढा सोडवला. १८९५ मध्ये लंडनला कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

दोन रुळांमधले अंतर दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण अरुंद रूळ हा काही कॅलथ्रॉपचा शोध नव्हे. त्याचे खरे डोके दिसते ते एका नियमात: या मार्गावर धावणाऱ्या कुठल्याही वाहनाच्या कुठल्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण म्हणजे मालाचा डबा, नियम सगळ्यांना एकच.

यातून काय साधले ते पाहा. त्या काळच्या बऱ्याच छोट्या मार्गांवर इंजिन जड आणि वाघिणी हलक्या असत. रूळ आणि पूल इंजिनाच्या मानाने भक्कम बांधावे लागत आणि उरलेली सगळी गाडी त्या भक्कमपणाचा काडीचा उपयोग न करता त्यावरून जाई. पैसा रुळांत पुरला जायचा. बार्शीवर इंजिनाचा आस आणि भरलेल्या वाघिणीचा आस सारख्याच वजनाचे, म्हणून दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा रूळ पुरला. मीटरला जेमतेम १५ किलो. आज मोठ्या मार्गावर ५२ किंवा ६० किलोचा रूळ असतो, त्यावरून कल्पना यावी. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाके होती, म्हणजे चार आस. पाच चोक वीस, इतके टन वजन ओढणाऱ्या चाकांवर. बाकीचा भार मागच्या बोगीवर, म्हणजे वळणावर फिरणाऱ्या चार चाकांच्या गाड्यावर. वाघिणीही बोगीवाल्या, चार आसांच्या, म्हणजे मालासकट २० टनांची मर्यादा. आता वाघीण स्वतः ७ टनांची बनवली तर माल १३ टन, ५ टनांत बसवली तर १५ टन. म्हणून सांगाडे दाबीव पोलादाचे केले आणि सगळ्या वाहनांना शक्य तितके एकाच मापाचे सांगाडे वापरले, म्हणजे सुटे भागही एकच. इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ तात्पुरता रूळ टाकून ही वाहने तिकडच्या इंजिनिअरांना चालवून दाखवली होती. याला खेळणे कसे म्हणायचे?

(याच कॅलथ्रॉपने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड हा याच रुंदीचा मार्ग उभा केला. तो १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंदही पडला. पुढे त्याने वैमानिकांसाठी हवाई छत्रीही (पॅराशूट) बनवली. माणूस एका जागी बसणारा नव्हता.)

बार्शीचा मार्ग पुढे फुटत गेला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. लातूरची गळिताची धान्ये, बार्शीचा कापूस, आणि आषाढी-कार्तिकीला पंढरीची गर्दी. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत आला.

आता दुखणे कुठे होते ते. पहिले आणि सर्वांत मोठे कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर.

गेज, म्हणजे रुळांची रुंदी, बदलला की माल उतरवून पुन्हा भरावा लागतो, हे तोंडाने म्हणायला सोपे आहे. प्रत्यक्षात समजा लातूरहून नॅरोगेजच्या (अरुंद रुळांच्या) तीन वाघिणी आल्या, प्रत्येकीत क्विंटलची १५० पोती. एकूण ४५०. ब्रॉडगेजच्या (मोठ्या रुंदीच्या) त्या काळच्या चारचाकी बंद वाघिणीत साधारण २२ टन माल बसे, म्हणजे २२० पोती. दोन वाघिणींत ४४०. राहिली १० पोती. ही दहा पोती धक्क्यावर पडून राहणार, दुसऱ्या मालाबरोबर पुढच्या फेरीला जाणार. रेल्वे पावती एक आणि माल दोन तुकड्यांत. तिकडे मुंबईत दहा पोती कमी भरली म्हणून व्यापारी दावा ठोकणार, त्याचा कागद वर्षभर फिरणार. त्यात दोन्ही वाघिणींच्या तळांची उंची वेगळी, म्हणून मधे फळी टाकून हमालाने पोते पाठीवर न्यायचे. हूक लावला की बारदान फाटते आणि धान्य गळते. पाऊस आला तर पोती भिजतात. कापसाच्या गाठींच्या पट्ट्या तुटतात. आणि ब्रॉडगेजची रिकामी वाघीण वेळेवर आली नाही, तर नॅरोगेजची भरलेली वाघीण धक्क्याला तशीच उभी राहते, मग लातूरला भरायला वाघीण मिळत नाही. म्हणजे तुटवडा दिसायचा लातूरला आणि त्याचे कारण असायचे कुर्डुवाडीत.

मिरजेलाही तेच. तिथे आधी मीटरगेजशी, म्हणजे एक मीटर रुंदीच्या मार्गाशी, गाठ पडायची. १९७० नंतर पुण्याकडून ब्रॉडगेज आले आणि काही वर्षे एकाच गावात तीन रुंदींचे रूळ नांदले. रेल्वेप्रेमींना यात मौज वाटते. माल पाठवणाऱ्याला वाटत नव्हती.

ट्रकने हे सगळे एका झटक्यात निकालात काढले. दहा टनांचा ट्रक लातूरच्या आडतीत १०० पोती भरून घेतो आणि मुंबईच्या गोदामाच्या दारात उतरवतो. मधे हात नाही, हूक नाही, दावा नाही. भाडे जास्त पडले तरी नुकसान आणि खोळंबा धरला तर व्यापाऱ्याला तेच परवडे. प्रवासी एसटीकडे गेले हे खरे, पण मार्गाचे पोट मालावर भरत होते आणि माल ट्रकने पळवला.

दुसरे दुखणे रुळांखालचे. माढा, पंढरपूर, बार्शी या पट्ट्यातली बरीच जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हलक्या मार्गाला खडीचा थर बेताचा, त्यामुळे खडी खाली मातीत रुतते आणि चिखल वर येतो. रूळ सांध्याशी बसतो, दोन रूळ जोडणारी फिशप्लेट सैल होते, सांध्याला ठोके पडतात, ठोक्यांनी रूळ आणखी बसतो. अशा वेळी एक रूळ दुसऱ्यापेक्षा २५ मिलिमीटर खाली गेला असे धरा. १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर हा कल सुमारे ६७ ला १ पडतो. ७६२ मिलिमीटरवर तोच ३० ला १. चूक तेवढीच, झोका दुपटीहून जास्त. त्यात डब्याची रुंदी रुळांच्या रुंदीच्या तिपटीच्या आसपास आणि वारीच्या दिवसांत टपावर माणसे. गाडी सावकाश चालवण्यावाचून इलाज नव्हता. लोक त्या मंद चालीची थट्टा करतात, पण ड्रायव्हर आळशी नव्हता, रूळ तसे होते. गँगमन रोज सांधे पॅक करत, तरी एका पावसात सगळे पूर्वपदावर.

तिसरे दुखणे वरून आले. साधारण १९८० नंतर रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करून पूर्ण रेकवर, म्हणजे न तोडता जाणाऱ्या अख्ख्या मालगाडीवर, भर दिला. एका स्टेशनावर भरायचे, एका स्टेशनावर उतरवायचे, मधे यार्डात तोडजोड नाही. ब्रॉडगेजचा बंद वाघिणींचा असा रेक साधारण ४० वाघिणींचा आणि २,३०० टनांच्या घरातला. तो नॅरोगेजच्या मालाने भरायचा तर दीडशेहून जास्त छोट्या वाघिणी एकाच वेळी कुर्डुवाडीत हजर हव्यात. तेवढ्या वाघिणी गोळा करायच्या म्हटल्या तरी लातूरपासून मिरजेपर्यंतचा सगळा मार्ग रिकामा करावा लागला असता. मालवाहतुकीचा दोर तिथेच कापला गेला. पुढचे रुंदीकरण म्हणजे उशिरा झालेला इलाज.

ज्या ५ टनांच्या नियमाने १८९७ मध्ये ही गाडी शक्य केली, त्याच नियमाने तिला पुढे बांधून ठेवले. आस जड करायचा तर रूळ बदला, रूळ बदलायचा तर पूल बदला, आणि पूलच बदलायचे तर मग नॅरोगेज कशाला?

१९९२ मध्ये देशात एकच गेज करण्याचे धोरण आले. कुर्डुवाडी–पंढरपूर आधी झाले, लातूरकडची बाजू २००७–०८ मध्ये, आणि पंढरपूर–मिरज सर्वांत शेवटी. ‘रूळ रुंद करायला इतकी वर्षे?’ हा प्रश्न तेव्हा सर्रास विचारला जाई. पण रूळ रुंद करणे हे यातले सर्वांत सोपे काम. नॅरोगेजचा स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) दीड मीटरच्या आसपास, ब्रॉडगेजचा काँक्रीटचा स्लीपर २.७५ मीटर आणि पाव टनाहून जड. असे किलोमीटरला दीड हजारावर लागतात. त्याखाली खडीचा जाड थर, त्याखाली दुप्पट रुंदीचा भराव, म्हणजे नवे भूसंपादन. वळणाचे तर विचारूच नका: नॅरोगेजला ४४ मीटर त्रिज्येचे वळण नियमात बसते, ब्रॉडगेजला १७५ मीटरच्या आत येता येत नाही. म्हणूनच पांगरीहून रामलिंगच्या घाटातून येडशीला चढणारी जुनी वाट सोडावी लागली. शिवाय जुन्या मार्गाने धाराशिव शहराला कधी स्पर्शच केला नव्हता. नवा मार्ग तिकडे वळवला, लांबी वाढली, खर्च वाढला, पण एका जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेवर आले. ते योग्यच झाले.

रुंदीकरणाने काय दिले याचे दोन पुरावे डोळ्यांसमोर आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी पहिली गाडी मिरजेहून निघाली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असे करत, म्हणजे थेट बार्शी लाईटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, एकूण ५ लाख. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या गेल्या. नॅरोगेजच्या चार आसी वाहनाची मर्यादा टाकीसकट २० टन, म्हणजे पाणी फार तर १३–१४ टन. पहिल्याच दिवसाच्या पाण्याला असली ३५–४० वाहने लागली असती. दुसरा पुरावा याच मार्गावरच्या सांगोल्याचा. २०२० मध्ये इथून डाळिंब आणि ढोबळी मिरची किसान रेलने बिहार-बंगालकडे गेली. देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहूनच बंगालमधल्या शालिमारला सुटली. डाळिंबाची पेटी कुर्डुवाडीच्या धक्क्यावर एकदा उतरवून पुन्हा भरली असती, तर बंगालमध्ये काय पोचले असते ते बागायतदारालाच विचारा.

तेव्हा गाडी पुन्हा सुरू करा, ही मागणी सोडून द्यावी. जे उरले आहे ते मात्र नीट सांभाळले पाहिजे, आणि सांभाळणे म्हणजे दरवर्षी चंदेरी रंग फासणे नव्हे. चबुतऱ्यावर उघड्यावर उभे केलेले वाफेचे इंजिन बाहेरून चकाचक दिसते आणि आतून सडते. कारण साधे आहे. धुराच्या पेटीत कोळशाची जुनी राख राहिलेली असते, त्यात गंधक. धुराड्यातून पावसाचे पाणी पडले की त्याचे आम्ल होते आणि पत्र्याला तळातून खाते. म्हणून आधी राख खरवडून पूर्ण काढावी, धुराड्यावर घट्ट झाकण बसवावे, बॉयलरमधले पाणी काढून तळाची धुण्याची झाकणे जाळी लावून उघडी ठेवावीत म्हणजे आत दमट हवा कोंडणार नाही. सिलिंडरचे निचऱ्याचे कॉक उघडे, दांड्यांना आणि सांध्यांना रंग नव्हे, ग्रीस. तेलाच्या कपांवर रंग चढवू नये. बॉयलरच्या बाहेरच्या पत्र्याखाली जुने ॲस्बेस्टॉस असू शकते. ते तपासल्याशिवाय कुणी पत्रा उचकटू नये. सिमेंटच्या चबुतऱ्यात चाकांभोवती पाणी साचते, तिथे उतार आणि निचरा हवा. पितळी भाग चोरीला जातात, तर खरे भाग कुलपात ठेवून जागेवर ओतीव नकला लावाव्यात. आणि या सगळ्याच्या वर छप्पर. छप्पर नसेल तर बाकीचे निम्मे वाया.

हे करणारे हात जिल्ह्यातच आहेत. नॅरोगेजवर वाढलेली आणि नेरळ–माथेरानच्या डब्यांची कामे केलेली कार्यशाळा कुर्डुवाडीत आहे.

इंजिनापेक्षा जास्त धोक्यात आहेत ते कागद. कापडी ट्रेसिंगवरचे आराखडे, पुलांच्या नोंदवह्या, चढ-उतारांचे तक्ते, कामकाजाची वेळापत्रके. हे कागद लॅमिनेट करणे म्हणजे त्यांचा जीव घेणे: उष्णतेने शाई पसरते आणि प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. निळे नकाशे उजेडात विटतात. सपाट कप्प्यात, अंधारात ठेवावेत, घड्या घालू नयेत, आणि मोठ्या स्कॅनरवर एकदाच पण नीट स्कॅन करावेत. विद्यापीठाने आणि मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाने मिळून हे काम हाती घेतले तर त्याला फार पैसाही लागणार नाही.

रामलिंग घाटातल्या जुन्या वाटेबद्दल एक सूचना. कॅलथ्रॉपचा तो इंग्लंडातला मार्ग बंद पडल्यावर त्याच्या भरावावर पायवाट केली गेली आणि ती आजही वापरात आहे. आपला घाट येडशी रामलिंग अभयारण्यात येतो, म्हणून वन विभागाची परवानगी लागेल, आणि पावसाळ्यात दरडींचा विचार करावा लागेल. पण निदान जुने पूल, मोऱ्या आणि खोदकामे मोजून नकाशावर तरी घ्यावीत. घडीव दगड फुकट मिळतो म्हणून तो उचलला जातो. एकदा ट्रॉलीत भरला की गेला.

आणि शेवटी नव्या मार्गाकडे. तुळजापूरच्या मार्गाची चर्चा सगळी भाविकांभोवती फिरते. भाविक येतीलच, नवरात्रात आणि पौर्णिमेला तुडुंब येतील, पण वर्षभर मार्ग चालायचा तर माल हवा. राज्य सरकारने निम्मा खर्च उचलला आहे, तेव्हा राज्यानेही हे विचारायला हवे: मालधक्का कुठल्या स्टेशनावर, आणि पूर्ण रेक एका वेळी उभा राहील एवढी सायडिंग (माल भरण्यासाठीचा बाजूचा रूळ) तिथे आहे का? पूर्ण रेकला ७०० मीटरच्या आसपास लांबी लागते. ती जवळजवळ सपाट हवी, स्टेशनाच्या यार्डात ४०० ला १ पेक्षा जास्त उतार नियमाने चालत नाही, आणि १,२०० ला १ असेल तर उत्तम. बालाघाटाच्या चढणीवर एवढी सपाट पट्टी आयती मिळत नाही, ती भराव आणि खोदाई करूनच तयार होते. गाड्या सुरू झाल्यावर हे काम काढले तर खर्च कित्येक पट होतो आणि वाहतूक थांबवावी लागते. धक्क्यापर्यंत १० चाकी ट्रक वळेल असा रस्ता, छप्पर, वजनकाटा आणि रात्री भरण्यासाठी दिवे हे सगळे त्याच आराखड्यात हवे. अर्धा रेक मावणारी सायडिंग बांधली तर रेक दोन तुकड्यांत भरावा लागेल, इंजिनाला दोनदा फेऱ्या पडतील, भरण्यासाठी दिलेल्या मोफत वेळेच्या पुढच्या प्रत्येक तासाचा दंड व्यापाऱ्याच्या माथी बसेल, आणि तो दुसऱ्या हंगामाला ट्रककडे जाईल. रेल्वेने तुळजापूर आणि सोलापूर या दोन्ही बाजूंच्या यार्डांचे आराखडे भरावाचे काम पुरे होण्याआधी लोकांसमोर ठेवावेत आणि बाजार समित्यांकडून त्यावर लेखी हरकती मागवाव्यात, ही विनंती.

आपले,
रेल्वेचे काही अभ्यासक,
सोलापूर